ताईची जपानी कहाणी

परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "काय मंदाताई, लंडन पाहिलं की नाही?" खरं सांगायचं तर तिथलं ते प्रसिद्ध घड्याळ मी बसच्या काचेतून एकदाच पाहिलं, आणि तेही अर्धं. पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांची पाठ आड आली. राजवाडा राहिला, मेणाचे पुतळे राहिले. मी गेले होते ती माझ्या ताईला कायमची नागपूरला परत आणायला, आणि त्यातून जो वेळ उरला तो एका जपानी सिनेमापायी गेला. हे सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनेच बघतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

वॉटफर्ड

ताई म्हणजे कुसुम, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लग्न होऊन वॉटफर्डला गेली त्याला आता पन्नास वर्षं होत आली. भाऊजी चार वर्षांपूर्वी गेले. मुलगा निखिल नोकरीमुळे ब्रॅकनेलला राहतो आणि ताई एकटी त्याच जुन्या घरात. एकटीचं राहणं मला नवं नाही, मीही आयुष्यभर तशीच राहिले आहे. पण गेल्या दोन वर्षांत ताईचे डोळे गेले. उजेड-अंधार कळतो, समोर कुणी उभं आहे हेही कळतं, पण कोण ते आवाजावरून ओळखायचं. हे तिने मला फोनवर सांगितलं ते, "चष्मा सुटला बाई एकदाचा," अशा थाटात. फोन ठेवल्यावर मी दुसऱ्याच दिवशी खालची खोली रिकामी करायला घेतली. भिंती रंगवल्या, खिडकीला नवी जाळी लावली आणि न्हाणीघरात हाताने धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली. मग तिकीट काढलं.

विमानतळावर निखिलची मुलगी ईशा आली होती. बावीस वर्षांची, उंच, हसरी पोर. जन्म तिथलाच. शनिवार-रविवारी ती आजीकडे राहायला येते.

"मंदाआजी! आजी घरी थांबला आहे. कोल्ड आहे ना खूप, म्हणून."

मी पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. "थांबली आहे," मी म्हटलं.

"सॉरी, थांबली आहे. आणि तुमचा बॅग कुठे आहे?"

बॅगेचं लिंग सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरचं दार सरकलं आणि असा गार वारा आत आला की व्याकरण जागच्या जागी गोठलं.

ताई दारातच उभी होती. पांढरे केस बॉयकट केलेले, अंगात भाऊजींचं जुनं स्वेटर. तिने माझा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "किती वाळलीस गं मंदे. नाक तेवढं शिल्लक आहे." मला रडू आलं. ते तिला दिसलं नाही, पण कळलं, कारण तिने लगेच चहाचं आधण ठेवलं.

त्या घरात ती अशी वावरते की पाहुण्याला संशयही येऊ नये. जिन्याला तेरा पायऱ्या. गॅसपासून फ्रिज चार पावलं. साखरेच्या डब्याला रबरबँड, मिठाच्या डब्याला दोन. मी पहिल्याच सकाळी मदत म्हणून कपबशा धुऊन भलत्या कप्प्यात ठेवल्या, तेव्हा ताई माझ्यावर जेवढी चिडली तेवढी लहानपणी तिची वही फाडली तेव्हाही चिडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. ताईला सांबारवडी खायची होती. दुकानदार गुजराती, हिंदी बोलणारा. मी म्हटलं, "भैया, सांबार दो, ताजा, दो गड्डी." त्याने मोठ्या आदराने सांबार मसाल्याचे दोन डबे पुढे ठेवले. मी म्हटलं, हे नाही, हिरवं. तो आत जाऊन कढीपत्ता घेऊन आला. शेवटी मीच आत शिरून कोथिंबीर उचलली. आमच्या नागपुराबाहेर कोथिंबिरीला कुणी सांबार म्हणत नाही, हे मी विसरलेच होते. घरी येऊन ताईला सांगितलं तर ती खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "पन्नास वर्षांपूर्वी मलाही त्याने डबाच दिला होता," म्हणाली. "म्हणजे ह्याच्या बापाने."

दुपारी कालव्याकाठी फिरायला गेलो. पाणी संथ, काठाला लांबट घरबोटी, त्यांच्या टपावर कुंड्या. एका बाकाशी ताई थांबली आणि तिने बाकाच्या पाठीवरची पितळी पट्टी बोटांनी वाचली. भाऊजींचं नाव होतं. गेलेल्या माणसाच्या नावाने इथे बाक ठेवतात. आपल्याकडे भांड्यांवर नावं घालतात, तसंच काहीसं. तिघं बसतील अशा बाकावर आम्ही दोघी ऐसपैस बसलो, आणि मी जे बोलायला सात हजार किलोमीटर आले होते ते बोलून टाकलं.

"ताई, खोली तयार आहे. चल माझ्याबरोबर. कायमची."

ताई बराच वेळ पट्टीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "शनिवारी आपल्याला सिनेमाला जायचंय. ईशाने तिकिटं काढलीत. तो बघू, मग सांगते."

"कसला सिनेमा?"

"आपला. सूर्यबाईचा."

आता हा सिनेमा काय ते सांगायला हवं.

मी नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आई जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि मला मुदतीचा ताप आला होता. बाबा कॉलेजात शिकवायचे आणि तिथल्या चित्रपट मंडळाचं काम बघायचे. मंडळात एक जपानी सिनेमा आला, त्यांच्या देवादिकांचा, तीन तासांचा. मला न्यायचा प्रश्नच नव्हता. मी इतकं आकांडतांडव केलं की ताई म्हणाली, "मी जाऊन बघते आणि तुला अख्खा सांगते." ती पंधरा वर्षांची. आल्यावर माझ्या खाटेशी बसून तिने तो सिनेमा सांगितला, आई श्रावणात कहाण्या सांगायची तसा. आईची सुरुवात आटपाट नगराने व्हायची, ताईची झाली, "आटपाट समुद्र होता," अशी. देवाने भाल्याने तो समुद्र ढवळला, भाल्याच्या टोकावरून थेंब पडले, त्यांची बेटं झाली. मग आठ तोंडांचा साप. मग सूर्यबाई. धाकट्या भावाने छळलं म्हणून ती रुसून गुहेत जाऊन बसली, आणि जगात अंधार पडला. तिला बाहेर काढायला सगळे देव गुहेपुढे जमले आणि एक बाई उलट्या घंगाळावर चढून अशी काही नाचली की देव खो खो हसायला लागले. हे हसतायत कशाला, म्हणून सूर्यबाईने दगड जरासा सरकवून पाहिलं, आणि उजेड झाला. सुफळ संपूर्ण.

ती कहाणी मी एकवीस दिवसांच्या तापात रोज मागून घेतली. बरी झाल्यावर आमचं तांब्याचं घंगाळ, आईचं नाव घातलेलं, अंगणात उलटं करून त्यावर नाचले आणि त्याला पोचा पाडला. ते पोचलेलं घंगाळ अजून माझ्याकडे आहे, त्यात मोगरा लावलाय. सिनेमा मात्र मी आजवर कधी पाहिला नव्हता. मला तो होता तो ताईच्या तोंडचा.

ब्रॅकनेल

शुक्रवारी निखिलने जेवायला बोलावलं. काचेच्या कचेऱ्या, गोल वळणारे रस्ते, आणि रस्त्यावर माणूस औषधाला नाही. त्याच्या बायकोने हौसेने पुरणपोळी केली होती. निखिल माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाला, "मावशी, तुम्ही ट्राय करा प्लीज. मी म्हटलं आमच्याकडे शिफ्ट हो, तर ऐकत नाही. केअर होम म्हटलं की फोन ठेवून देते. तुमच्याबरोबर गेली तर ॲट लीस्ट मला झोप लागेल." मी त्याला दिलासा दिला. मला तेव्हा खात्रीच वाटत होती. सांबारवडी खाताना ताईच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं ते मी पाहिलं होतं.

ईशा मात्र त्या दिवशी गप्प होती. निघताना तिने मला कोट घालायला मदत केली आणि म्हणाली, "मंदाआजी, आजी नागपूरला गेला तर मी मराठी कोणाशी बोलणार? डॅडशी इंग्लिशच होतं."

लिंग चुकलं होतं. मी दुरुस्त केलं नाही.

लंडन

शनिवारी दुपारी दोनचा खेळ. वॉटफर्डहून गाडीने युस्टन, तिथून पुढे भुयारातून. ताई माझ्या दंडाला धरून चालत होती आणि जिन्याच्या पायऱ्या मोजत होती. थिएटर जुनं, लाल गाद्यांचं, निम्मं भरलेलं. ईशाने दारावरच्या मुलीला विचारलं, न दिसणाऱ्यांसाठी कानाला लावायचं यंत्र असतं ते आहे का. ती म्हणाली, एवढ्या जुन्या परदेशी सिनेमाला ते नसतं. मनापासून दिलगिरी वगैरे.

"नकोच," ताई म्हणाली. "मंदा सांगेल."

मी? पण अंधार झाला, पडद्यावर राखाडी समुद्र आला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "आटपाट समुद्र होता." ताईने माझा हात घट्ट धरला.

मी ताईच्या कानाशी लागून सांगत होते. खाली इंग्रजी ओळी येत होत्या, त्या वाचायच्या, चित्र बघायचं आणि दोन्ही मिळून मराठीत सांगायचं. दहा मिनिटांत पुढचे गृहस्थ वळले. "आय ॲम सो सॉरी टू बॉदर यू," अशी सुरुवात करून त्यांनी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. आपल्याकडे एव्हाना मागून कुणीतरी ओरडलं असतं आणि विषय मिटला असता. इथे त्यांनी माफी मागितली, मग मी मागितली, मग ईशाने मागितली, आणि आम्ही तिघी उठून शेवटच्या रांगेत गेलो. तिथे शेजारीपाजारी कुणी नव्हतं. माझा आवाज मोकळा झाला.

सापाची आठ तोंडं आली, मी आठही सांगितली. सूर्यबाई गुहेत गेली, पडदा काळा झाला. देव जमले. आणि ती बाई खरंच उलट्या भांड्यावर चढली. भांडं लाकडी होतं, आमच्या घंगाळासारखं मुळीच नव्हतं, पण मी शाळकरी पोरीसारखी ओरडले, "ताई, घंगाळ!" ईशा तोंडावर हात धरून हसत होती. पडद्यावरचे देव हसत होते. दगड सरकला, उजेड आला, आणि त्या उजेडात मला ताईचा चेहरा दिसला. पंधरा वर्षांचीच दिसली मला ती. आत्ता आई असायला हवी होती, असं इतक्या जोराने वाटलं की क्षणभर सांगणं थांबलं.

मग मी पर्स उचलली. संपलं ना. पण दिवे लागले ते मध्यंतराचे.

"ताई, अजून आहे?"

"असेल," ताई डब्यातला चिवडा काढत म्हणाली. "मला काय दिसतंय?"

"तू पाहिलायस ना!"

"मंदे, चिवडा खा."

उत्तरार्ध एका राजपुत्राचा होता. हे पात्र माझ्या कहाणीत कधी नव्हतंच. बाप त्याला एका लढाईवर पाठवतो, जिंकून येतो तोवर दुसऱ्या. घरी बसू देत नाही. तुफान शमावं म्हणून बायको समुद्रात उडी घेते. तो डोंगर ओलांडतो, मागे वळून बघतो, पुन्हा चालू लागतो. मी सांगत होते आणि मनात ताईशी भांडत होते. एवढा मोठा सिनेमा हिने माझ्यापासून साठ वर्षं लपवला!

मग एका डोंगरावर गारांचा पाऊस झाला आणि राजपुत्राला ताप आला.

तेव्हा मला कळलं. तो परक्या मुलखात झाडाखाली पडला. पाय सुजलेले, अंगात ताप, ओठ सुकलेले. गावाकडच्या डोंगरांचं काहीतरी तो गुणगुणत होता. खाटेवरच्या नऊ वर्षांच्या पोरीला ताईने हे कसं सांगितलं असतं? ज्या घरातून आई नुकतीच गेली होती, त्या घरात? तिने सिनेमा मध्येच कापला आणि उजेडावर संपवला.

"काय चाललंय?" ताईने विचारलं. "गप्प का झालीस?"

पडद्यावर त्याचे डोळे मिटत होते. माझ्या शेजारी बसलेल्या बाईचे मिटलेच होते, परक्या मुलखात. मला ते तोंडातून काढवेना.

"तो उठला, ताई," मी म्हटलं. "ताप उतरला. घोड्यावर बसलाय."

"मग?"

"निघाला. डोंगर दिसायला लागले. वेशीपाशी सगळे उभे आहेत."

"पोचला?"

"पोचला. सुफळ संपूर्ण."

थिएटरभर एक फडफड भरून राहिली होती. पडद्यावर त्याची समाधी उघडली होती, आत नुसते कपडे होते, आणि एक मोठा पांढरा पक्षी वर चढत होता.

"मग मंदे," ताई अगदी हळू म्हणाली, "हे पंख कशाचे वाजतायत?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि रडले. तिने माझ्या केसांवरून हात फिरवला, तापात फिरवायची तसाच.

परतीची गाडी

ईशा समोरच्या बाकावर कानात गाणी घालून बसली होती. बाहेर विटांच्या घरांच्या मागच्या बाजू, वाळत घातलेले कपडे, एकेक दिवा लागत होता.

"मेलेल्या माणसावर सुफळ संपूर्ण कसं म्हणायचं होतं मी?" ताई म्हणाली. "म्हणून मध्येच म्हटलं. आई असती तर तिनेही तेच केलं असतं."

"चल ना गं ताई. तू तरी पोच."

"तो पक्षी कुठे जातो, पाहिलंस?"

"नाही. रडत होते."

"गावावर येतो. घिरटी घालतो. उतरतो जरासा. लोक धावतात, आला आला म्हणून. आणि पुन्हा उडतो. मला तेव्हा त्याचा फार राग आला होता. एवढं गावाचं वेड आणि आल्यावर थांबला का नाही मेला? आता कळतं."

मी तिच्याजवळ सरकले.

"डोळे गेल्यापासून मला नागपूर फार छान दिसतं, मंदे. आईचं ओवाळणं दिसतं. बाबांची सायकल दिसते. दारापुढचा कडुलिंब, त्याखाली तू, घंगाळावर. इथली चार पावलं, तेरा पायऱ्या मला पाठ आहेत, म्हणून मी बिनघोर बसून ते बघू शकते. तुझ्या घरी आले की मला पहिल्यापासून चाचपडावं लागेल, आणि हाताला लागेल ते सगळं नवं. मग जे दिसतंय तेही जाईल." तिने समोर मान वळवली. "आणि ह्या पोरीला बॅगेचं लिंग कोण शिकवणार?"

"इतकी वर्षं काय शिकवलंस? अजून 'तुमचा बॅग' म्हणते."

"म्हणून तर थांबायला हवं."

मी हसले. मला तिचा राग आला होता, आणि तिचं बरोबर आहे हे कळल्यामुळे तो जास्तच आला. वॉटफर्डला उतरताना तिने माझा दंड धरला, आणि घरापर्यंत मला एकदाही अडखळू दिलं नाही.

नागपूर

न्हाणीघरातली दांडी आता मीच धरते. गुडघे माझेही काही सोन्याचे नाहीत. खालच्या खोलीत पुस्तकं ठेवली आहेत.

दर रविवारी दुपारी ताईचा फोन येतो. "सांग," एवढंच म्हणते. मी फोन कानाला लावून फाटकाबाहेर उभी राहते आणि समोर काय आहे ते सांगते. दूधवाला गेला. शेजारच्यांनी सांबार वाळत घातलाय. मोगऱ्याला कळ्या आल्यात, घंगाळ अजून गळत नाही. कधी आमच्या गल्लीतून सुरुवात करून कॉलेजच्या फाटकापर्यंत जाते. जे उरलंय ते सांगते, आणि जे उरलं नाही तेही.

गेल्या रविवारी मी कडुलिंब सांगत होते. किती फुलला आहे, खाली कसा सडा पडलाय. तो कडुलिंब तोडून नऊ वर्षं झाली. तिथे आता मेट्रोचा खांब आहे, आणि मी मोहराच्या वासावर असतानाच वरून गाडी धडधडत गेली.

ताईने मला मध्येच थांबवलं.

"मंदे," ती म्हणाली, "हे काय वाजतंय?"

"पंख," मी म्हटलं.

पलीकडे ती हसायला लागली, सांबाराच्या डब्यांना हसली होती तशी.

"म्हण मग सुफळ संपूर्ण," ती म्हणाली.

मी म्हटलं नाही.